उत्तर नको, इशारा

मैत्रिणींनो, पावसाळा संपला की गाद्या उन्हात घालायच्या, हा आपला दरवर्षीचा कार्यक्रम. यंदा चिरंजीवांची गादी उचलली आणि खालून गणिताच्या चाचणीचा कागद निघाला. वीसपैकी सहा. पालकांच्या सहीची जागा कोरी. तारीख पाहिली तर अठरा दिवसांपूर्वीची.

मी तशीच कॉटच्या कडेवर टेकले. सहा मार्कांचं मला तितकंसं वाटलं नाही. मी स्वतः अर्धवेळ शिकवते, याहून कमी मार्कांचे कागद रोज हातांखालून जातात. पण आपल्या घरात, आपल्याच पोराला कागद लपवावासा वाटला, हे मात्र आतपर्यंत लागलं.

कारण शोधायला लांब जायला नको होतं. आमचे हे स्वभावानं प्रेमळ, पण मुलाला गणित शिकवायला बसले की पाचव्या मिनिटाला आवाज चढतो. "एवढं साधं येत नाही?" हे वाक्य ठरलेलं. मग पेन्सिल हिसकावून घ्यायची, गणित स्वतःच भराभर सोडवायचं आणि "हे बघ, झालं!" म्हणून वही सरकवायची. मुलगा मान हलवतो. डोक्यात काही शिरत नाही. आठवीत आल्यापासून तर बाबांच्या चपला दारात वाजल्या की हा पुस्तक उचलून आतल्या खोलीत जायला लागला होता.

मी काय केलं सांगू? कागद होता तसा गादीखाली सारला. बाकीच्या गाद्या गच्चीवर नेल्या, ती तेवढी राहू दिली. ऐन सणासुदीत घरात आरडाओरडा नको, अशी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मलाही भीतीच वाटली होती.

त्याच आठवड्यात दिवाळीची सुट्टी लागली आणि यांनी लॅपटॉपवर एक खेळ विकत घेतला. मुलासाठी नव्हे हं, स्वतःसाठी! त्रेचाळीस वर्षांचा गृहस्थ, पण चेहरा असा की जणू आजोळचं पत्र आलंय.

खेळाचं नाव 'रिटर्न टु मंकी आयलंड', म्हणजे माकडांच्या बेटावर परत. तो आला २०२२ च्या सप्टेंबरमध्ये, पण ही पोथी जुनी आहे. पहिला अध्याय १९९० चा, 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड'. अमेरिकेतल्या लुकासफिल्म गेम्स या कंपनीत रॉन गिल्बर्ट, टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांनी तो रचला. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, दुसरा भाग आला. १९९२ साली गिल्बर्ट कंपनीतून बाहेर पडले, आणि १९९७, २००० आणि २००९ मधले पुढचे तीन भाग दुसऱ्यांच्या हातून झाले. तीस वर्षांनी गिल्बर्ट आणि ग्रॉसमन पुन्हा एकत्र बसले आणि त्यांनी हा नवा भाग लिहिला.

कथा कॅरिबियन समुद्रातली, समुद्री चाच्यांची. 'चाचे' शब्द ऐकताच आमच्या सासूबाई जपमाळ थांबवून म्हणाल्या, "इंग्रज आपल्या कान्होजी आंग्र्यांनाही चाचेच म्हणायचे!" त्या अलिबागकडच्या, तेव्हा हे यायचंच. पण इथला नायक काही सरखेल नाही. गायब्रश थ्रीपवुड नावाचा एक भाबडा, बडबड्या तरुण, ज्याला काहीही करून चाचा व्हायचंय. "गाय-ब्रश? गाय घासायचा ब्रश का रे?" या सासूबाईंच्या शंकेनं चिरंजीव कितीतरी दिवसांनी खदखदून हसला. खलनायक म्हणजे मेलेला चाचा, भूत होऊन फिरणारा, नाव लचक. हो, मानेत भरते तीच!

आता मला सांगायची आहे ती या खेळाची रीत. यात धावपळ नाही की गोळीबार नाही. पडद्यावर बेट दिसतं, बाजार दिसतो, जहाज दिसतं. वस्तू गोळा करायच्या, माणसांशी बोलायचं, आणि कुठली वस्तू कुठे लावली तर अडलेलं काम पुढे सरकेल ते शोधायचं. आपण स्वयंपाकघरात रोज वेगळं काय करतो? चुकीची वस्तू लावली तर गायब्रश काहीतरी थट्टेचं बोलतो आणि तुम्ही पुन्हा प्रयत्न करता. रागावणं नाही, शिक्षा नाही. पहिल्या भागातली तलवारबाजीसुद्धा जिभेनं जिंकायची असते. समोरच्यानं टोमणा मारला की त्याला बरोबर बसणारा उलटा टोमणा मारायचा, म्हणजे आपल्या तमाशातला सवाल-जवाबच. तिसऱ्या भागात तर हे टोमणे यमक जुळवून.

यांचा जीव जडला होता दुसऱ्या भागावर. १९९६ च्या मे महिन्यात हे पुण्याला मावसभावाकडे गेले होते. त्याच्याकडे संगणक होता आणि कुणाकडून तरी आणलेल्या फ्लॉप्या होत्या. अशी फुकट नक्कल होऊ नये म्हणून मूळ खेळाबरोबर पुठ्ठ्याचं एक चक्र मिळायचं. ते फिरवून त्यावरचं उत्तर दिलं तरच खेळ सुरू होई. या दोघांकडे चक्राच्याही झेरॉक्स होत्या! "चाच्यांचा खेळ चोरूनच खेळायचा ना," असं हे अजून म्हणतात. मुलासमोर असलं बोलू नका, असं मी डोळ्यांनी दटावलं.

तर त्या सुट्टीत हे दोघं एका जागी अडकले. एका बेटावर धबधब्याचं पाणी बंद करायचं होतं. पंप होता, पण तो फिरवायला हत्यार नव्हतं. दुसऱ्या एका बेटावर दारूच्या गुत्त्यात एक माकड पियानो वाजवत बसलेलं. काय काय करून पाहिलं, काही चालेना. अख्खा महिना गेला. शेवटी मावसभावाच्या आळीतल्या, कारखान्यात उमेदवारी करणाऱ्या एका मुलानं सांगितलं, की अमेरिकेत एका प्रकारच्या पान्याला 'मंकी रेंच' म्हणतात. म्हणजे करायचं होतं काय, तर पियानोवरच्या ताल मोजायच्या यंत्रावर केळं ठेवायचं, त्याच्या हेलकाव्यांनी माकडाला भूल पडली की ते ताठ झालेलं माकड उचलायचं आणि त्यालाच पाना म्हणून पंपाला लावायचं! कोडं सगळं त्या शब्दावर. मराठीत पान्यात माकड येतच नाही. इंग्लंडमध्येसुद्धा त्या हत्याराला दुसरंच नाव आहे, तेव्हा तिकडची मुलंही अशीच अडकली असणार.

ही हकीगत हे रंगवून सांगत होते आणि चिरंजीव हळूच खोलीतून बाहेर येऊन दाराशी उभा होता. मग खुर्चीच्या पाठीशी आला. मग शेजारी स्टूल ओढून बसला. मी स्वयंपाकघरातून चकलीचा सोऱ्या हातात धरून बघत होते, आत जायचं धाडस होईना.

नव्या भागाची सुरुवात मोठी गोड आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटानं त्या वेळी सगळेच चक्रावले होते. गायब्रश आणि लचक समोरासमोर येतात, आणि एकाएकी दोघं लहान मुलं होऊन एका जत्रेसारख्या करमणूक बागेत उभे दिसतात. हे काय झालं, सगळं स्वप्न होतं की काय? अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये १९६७ पासून चाच्यांच्या देखाव्यांतून होडीनं फिरवणारी एक सफर आहे. तीवरून आपल्याला ही कथा सुचली, असं गिल्बर्ट यांनीच सांगितलेलं आहे, त्यामुळे बाग आली ती अगदीच हवेतून नव्हे. पण उलगडा काही झाला नव्हता. नवा भाग नेमका तिथूनच सुरू होतो. ती मुलं म्हणजे गायब्रशचा छोटा मुलगा आणि त्याचा मित्र, बापानं सांगितलेली गोष्ट खेळून बघणारी! मग बाप बाकावर बसतो आणि मुलाला पुढची गोष्ट सांगू लागतो. तीच गोष्ट म्हणजे हा सबंध खेळ.

इतक्या वर्षांचा उलगडा पहिल्या काही मिनिटांत झाला. हे गप्पच बसले. संगीतही ओळखीचं निघालं. दुसऱ्या भागासाठी मायकेल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी अशी व्यवस्था बसवली होती की एका जागेतून दुसऱ्या जागेत गेलं तरी संगीत तुटत नाही, कीर्तनात बुवा अभंगावरून आख्यानावर आले की पेटी-तबला जसा न थांबता वळतो तसं वळतं. तेच दोघे याही भागाला आहेत.

दोन दिवस छान गेले. तिसऱ्या दिवशी ठिणगी पडलीच.

झालं असं, की या नव्या खेळात एक इशाऱ्यांचं पुस्तक आहे. जादूटोणा करणाऱ्या बाईंकडून ते गायब्रशला मिळतं आणि त्याच्या सामानात राहतं. अडलं की उघडायचं. गायब्रशला लचकच्या जहाजावर फरशी पुसणाऱ्याची नोकरी मिळवायची होती आणि त्यासाठी पोछा हवा होता. तो काही केल्या मिळेना. यांनी चहासाठी पाठ फिरवली तेवढ्यात चिरंजीवानं पुस्तक उघडलं. झालं! "ही फसवणूक आहे. आम्ही महिना महिना डोकं खाजवायचो. तुम्हा पोरांना सगळं आयतं हवं!" आवाज चढला. मुलाचा चेहरा उतरला आणि तो उठायला लागला. माझ्या पोटात धस्स झालं. आता हा आत जाणार आणि ती गादी, तो कागद, सगळं तसंच राहणार.

पण पोरानं दारातून एवढंच म्हटलं, "बाबा, तुमच्या दुसऱ्या भागातपण सुरुवातीला विचारायचे ना, सोपा खेळ हवा की पूर्ण? तुम्हीच परवा सांगितलंत."

गोष्ट खरी होती. १९९१ च्या त्या भागातही नवशिक्यांसाठी कमी कोड्यांचा सोपा प्रकार होता. हे काही बोलेनात. ती संधी साधून मी सोऱ्या खाली ठेवला आणि म्हटलं, "बघू तरी ते पुस्तक. काय देतं ते मला वाचून दाखवा."

आणि मैत्रिणींनो, त्या पुस्तकानं मला जे शिकवलं ते सांगण्यासाठीच आजचं हे पान. ते पुस्तक उत्तर देत नाही. आधी ते तुम्हालाच विचारतं, कशापाशी अडलाय ते निवडा. मग एक लहानसा इशारा देतं, नुसती दिशा. तेवढ्यावर जमलं तर पुस्तक मिटायचं. नाही जमलं तर आणखी मागायचं, मग ते जरा उघड करून सांगतं. असं पायरी-पायरीनं, आणि अगदी शेवटच्या पायरीला काय करायचं ते स्वच्छ. एकदाही म्हणत नाही, की एवढं साधं येत नाही?

मी बी.ए. झाले, शिकवण्याचाही थोडाफार अनुभव आहे. पण मुलांच्या शंकेला मी दोनच गोष्टी देत आले आहे, एक तर पूर्ण उत्तर, नाहीतर 'वर्गात लक्ष कुठे होतं?' मधल्या पायऱ्या मी कधी बांधल्याच नव्हत्या.

रात्री जेवणं झाल्यावर ओटा पुसता पुसता मी यांना विचारलं, "अहो, त्या माकडापाशी तुम्ही महिनाभर अडलात, तर तुम्ही काय मठ्ठ होतात का?"

"मठ्ठ कसले? तो शब्दच माहीत नव्हता आम्हाला!"

"हं," एवढंच म्हणून मी फडकं पिळलं. पहिल्या पायरीचा इशारा झाला होता. हे बराच वेळ हॉलमध्ये दिवा न लावता बसले होते.

दुसरा इशारा चिरंजीवाला. सकाळी दूध देताना म्हटलं, "उद्या तुझी गादी उन्हात घालायची आहे हं. खाली काही असेल तर काढून ठेव." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी दुधावरची साय बाजूला करत राहिले. संध्याकाळी खेळ सुरू व्हायच्या आधी तो कागद घेऊन स्वतःच बाबांसमोर उभा राहिला.

यांच्या कपाळाची शीर मला स्वयंपाकघरातून दिसली. कागद दोनदा उलटसुलट केला. मग, कसं ते देव जाणे, पण म्हणाले, "बस. कुठे अडलास ते दाखव."

अडला होता तो चक्रवाढ व्याजाशी. दहा हजार रुपये, दहा टक्के दरानं दोन वर्षं, व्याज किती? यानं सूत्र बरोबर मांडलेलं, आकडेमोड बरोबर, उत्तर बारा हजार शंभर. आणि त्यावर लाल फुली. अशी चार गणितं, चारही फुल्या सारख्याच. पोरगा म्हणाला, "बाबा, अमाउंट काढली ना मी? व्याज म्हणजे पण अमाउंटच ना?"

आमच्या घरात 'अमाउंट' म्हणजे कुठलेही पैसे. दूधवाल्याची अमाउंट, लाइट बिलाची अमाउंट. गणित सेमी-इंग्लिशमधून शिकणाऱ्या या मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं, की तिथे अमाउंट म्हणजे रास, मुद्दल आणि व्याज दोन्ही मिळून. माकडाचा पाना तो हाच!

हे पेन्सिलीकडे हात नेत होते. मी लांबूनच खाकरले. हात मागे आला. म्हणाले, "समज, आजीनं दहा हजार पोस्टात ठेवले. दोन वर्षांनी बारा हजार शंभर हातात आले. यातले तिचे स्वतःचे किती?" पोरगा क्षणभर गप्प. मग एकदम, "अरे! मग व्याज एकवीसशेच!" बाकीची तीन गणितं त्यानं स्वतः दुरुस्त केली. यांनी सही केली. तारीख त्या दिवसाचीच घातली.

लपवल्याबद्दल बोलायचं राहिलं होतं. ते काम खेळातल्या बाईनं केलं. गायब्रशची बायको इलेन मला पहिल्यापासून आवडली होती. पहिल्या भागात हा तिला लचकच्या तावडीतून सोडवायला लग्नमंडपात धावत जातो, तर बाईसाहेबांनी स्वतःची सुटका आधीच करून घेतलेली, आणि यानंच मध्ये कडमडून घोटाळा केलेला! नव्या भागात नवरा गुपितामागे वणवण हिंडतोय आणि ही लिंबांचा प्रचार करतेय, खलाशांना स्कर्व्ही होऊ नये म्हणून. 'क' जीवनसत्त्व मिळालं नाही की हिरड्यांतून रक्त येतं तो रोग. जेम्स लिंड या वैद्यानं १७४७ मध्येच संत्री-लिंबं देऊन त्यावर गुण येतो हे दाखवलं होतं. चाच्यांच्या गोष्टीत कुणी तरी आहाराचा विचार करतंय हे पाहून मला बरं वाटलं! तर शेवटाकडे इलेन जंगलातून नवऱ्याबरोबर चालते आणि शांतपणे विचारते, या गुपितापायी वाटेत काय काय केलंस? तिचा स्वर आदळआपटीचा नाही. पण त्याला एकेक गोष्ट कबूल करावी लागते. ते चालू असताना चिरंजीव पडद्याकडे बघतच म्हणाला, "आई, सॉरी. मी सहीसाठी खोटं बोललो होतो शाळेत." मी फक्त त्याच्या केसांतून हात फिरवला. यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "मीपण जरा जास्तच ओरडतो."

खेळाचा शेवट सांगू का? ज्यांच्या घरी तो चालू असेल त्यांनी हा परिच्छेद सोडावा. तीस वर्षं ज्याची उत्कंठा ताणली ते गुपित म्हणजे एका पेटीतला थट्टेचा मजकूर छापलेला टी-शर्ट! शेवटचं दार उघडून गायब्रश जातो तर पुन्हा तीच करमणूक बाग, चाच्यांच्या जागी यंत्राच्या बाहुल्या, आणि एक जण त्याच्या हाती किल्ल्या देऊन जाताना दिवे घालवायला सांगतो. मग पुन्हा तो बाक, आणि बाप-लेक त्या शेवटाबद्दल बोलत बसलेले. खेळ संपला तेव्हा आमच्याकडेही चिरंजीव चिडला, "एवढंच?" आणि हे मात्र मंद हसत होते. "मला चाललं," म्हणाले. मग कितीतरी वेळ दोघं वाद घालत होते, खरं काय आणि खोटं काय. मी मध्ये पडले नाही. चपला वाजल्या की आत जाणारा मुलगा बापाशी हुज्जत घालत बसलाय, याहून मोठा खजिना मला नको होता.

आता तुमच्यासाठी थोडक्यात. मूल अडलं की पहिल्यांदा विचारावं, "नेमकं कुठे अडलं?" त्याला ते बोटानं दाखवू द्यावं, निम्म्या वेळा तिथेच सुटतं. दुसऱ्या पायरीला घरातलं उदाहरण द्यावं, पोस्टातल्या ठेवीचं, भिशीचं, दुधाच्या हिशेबाचं. तिसऱ्या पायरीला एक ओळ आपण लिहावी, पुढची त्यानं. पूर्ण उत्तर शेवटी, आणि ते सांगताना सुस्कारा टाकू नये. आणि हो, एखादा शब्दच अडलाय का, ते आधी तपासावं. आपल्याला सोपा वाटणारा शब्द त्याच्या कानावर वेगळ्याच अर्थानं पडलेला असतो.

सुट्टीनंतरच्या चाचणीत चिरंजीवांना वीसपैकी अकरा मिळाले. पेढे वाटण्यासारखे नाहीत, पण कागद जेवणाच्या टेबलावर, पाण्याच्या तांब्याखाली, सगळ्यांना दिसेल असा ठेवलेला होता.

गादीलाही दोन दिवस चांगलं ऊन दिलं.